वाया न गेलेला पाव

मैत्रिणींनो, आपल्या बहुतेकींच्या ओट्याच्या कोपऱ्यात नाहीतर फ्रीजच्या वरच्या खणात एक पुडकं पडलेलं असतं. त्यात ब्रेडच्या चार-पाच स्लाइस असतात. मधल्या मऊ स्लाइस मुलांनी कधीच पळवलेल्या असतात आणि उरलेल्या आपल्या कडक होऊन बसलेल्या असतात. त्या टाकवत नाहीत आणि खायला कुणी तयार होत नाही. मग एक दिवस पुडक्यात हिरवट ठिपका दिसतो आणि आपण ‘गेला बाई वाया’ म्हणून मोकळ्या होतो. माझ्याकडेही असंच चालायचं. त्या पुडक्याचं काय करायचं, हे मला म्हैसूरला कळलं.

म्हैसूरला माझी मावशी राहते. काका बँकेत होते. बदली होऊन तिकडे गेले आणि निवृत्तीनंतर तिथलेच झाले. यादवगिरीत त्यांचं छोटंसं बैठं घर आहे. काका गेले त्याला आता वर्ष उलटून गेलं. मुलगा परदेशात. तेव्हा मावशीने एकटीने एवढ्या लांब राहू नये, पुण्याला यावं, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलं. फक्त मावशीला विचारायचं राहिलं होतं! ते काम माझ्यावर आलं. “तुझं ती ऐकते, गोड बोलून घेऊन ये,” असं आईने बजावलं आणि दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर मी गाडीत बसले.

म्हैसूर म्हटलं की आपल्याला राजवाडा, चामुंडी टेकडी आणि म्हैसूरपाक आठवतो. मला मात्र तिथल्या बेकऱ्या आठवतात. जवळजवळ प्रत्येक वस्तीत एक अय्यंगार बेकरी असते. यातल्या बहुतेक बेकऱ्यांत अंड्याला स्थान नसतं. तिखट खारा बन, गोड खोबऱ्याचं सारण भरलेला दिलपसंद आणि सकाळ-संध्याकाळ भट्टीतून निघणारा ताजा ब्रेड. काका एक दिवसाआड संध्याकाळी अख्खा, न कापलेला ब्रेड आणायचे. त्याच्या जाड स्लाइस कापून, तव्यावर भाजून चहाबरोबर खायचे.

मी गेले त्या दिवशीही डब्यात अर्धा ब्रेड होता. दुसऱ्या दिवशी मावशी नवा घेऊन आली. जुना तसाच होता.

“अगं, एकटीला एवढा कशाला? अर्धा देत नाहीत का?”

“देतात की. माझ्याच्यानं मागवत नाही,” मावशी म्हणाली आणि पिशवी खुंटीला अडकवायला आत गेली.

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पुण्याचाही काढला नाही.

दुपारी साडेतीनला दार वाजलं. शेजारची सहा-सात वर्षांची पोर दप्तरासकट घरात शिरली. तिची आई नोकरी करते, सहाला येते. तोवर ही आमच्या मावशीकडे. मावशीला ती ‘अज्जी’ म्हणते, कानडीत बडबडते आणि मावशी कानडी-मराठीच्या खिचडीत उत्तरं देते. बाईसाहेबांना भूक लागली होती. ब्रेड-जॅम पुढे येताच तिने स्लाइस बोटाने दाबून पाहिली आणि नाक मुरडलं. कडक!

“थांब, बॉम्बे टोस्ट करते,” मावशी म्हणाली.

मला हसू आलं. आपण ज्याला फ्रेंच टोस्ट म्हणतो, त्याला दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी बॉम्बे टोस्ट म्हणतात. मुंबईच्या घराघरांतून कांदा-मिरची घातलेला तिखट अंडा-टोस्ट होतो, पण तिकडचा बॉम्बे टोस्ट बहुधा गोड असतो. आपलं नाव लावून कोण कुठे काय खातं, आपल्याला पत्ताही नसतो!

मावशीच्या टोस्टमध्ये आणखी एक गंमत होती, आत दडवलेलं चॉकलेटचं सारण. “तू बस, मी करते,” असं म्हणून मी पुढे सरसावले आणि पहिलाच टोस्ट फसला. चॉकलेट पातळ होऊन कडेने बाहेर आलं, पॅनला लागलं आणि स्वयंपाकघरभर करपल्याचा वास सुटला. वरून टोस्ट काळा आणि आत पांढरा, ओला गिचका. पोर खुदकन हसली.

“पुरण सैल झालं की पोळी फुटते ना? तसंच हे,” मावशीने पॅन पुसता पुसता सांगितलं. “आणि गॅस केवढा मोठा केलास! पुरणपोळी अशी भाजतेस का?”

मैत्रिणींनो, या एका वाक्यात सगळी पाककृती आली. परदेशी नावाला बिचकू नका. सारण घट्ट, कडा बंद आणि आच मंद. पुरणपोळी जमते त्या बाईला हा टोस्ट जमलाच पाहिजे.

शिळा आणि खराब यात फरक आहे

या पदार्थाला ताजा ब्रेड चालत नाही असं नाही, पण तो दुधात बुडवताच विरघळल्यासारखा होतो आणि उचलताना तुटतो. एक-दोन दिवसांचा ब्रेड दूध पितो आणि तरीही आकार धरून राहतो. म्हणजे ज्या कडकपणासाठी आपण त्याला नावं ठेवतो, तोच इथे कामाला येतो.

ब्रेड शिळा होतो तो नुसता पाणी उडून गेल्यामुळे नव्हे. भाजताना फुगून मऊ झालेला पिठातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा हळूहळू घट्ट होऊ लागतो. गरम केला की तो काही वेळ परत सैल होतो, म्हणून शिळा ब्रेड भाजल्यावर खावासा वाटतो. घट्ट होण्याची ही क्रिया फ्रीजमधल्या थंडाव्यात सर्वांत वेगाने होते. फ्रीजमध्ये बुरशी लांबते खरी, पण ब्रेड लवकर कडक होतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तर स्लाइस करून, पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवावा.

मात्र बुरशी आलेला ब्रेड कधीही वापरू नका. वरचा ठिपका खरवडून टाकला तरी बुरशीचे तंतू ब्रेडच्या जाळीत खोलवर गेलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. एका स्लाइसवर ठिपका दिसला तर अख्खं पुडकं टाकावं. काटकसर शिळ्याची करावी, खराब झालेल्याची नव्हे.

चॉकलेट भरलेला टोस्ट

साहित्य (४ टोस्टसाठी) : एक-दोन दिवसांच्या ब्रेडच्या ८ स्लाइस, भाजण्यासाठी ३-४ चमचे साजूक तूप.

सारणासाठी : ८० ग्रॅम गडद चॉकलेट, २ मोठे चमचे साय, २ मोठे चमचे अक्रोड किंवा काजूचे बारीक तुकडे. चॉकलेट नसेल तर २ मोठे चमचे कोको पावडर, ३ मोठे चमचे पिठीसाखर, १ मोठा चमचा लोणी आणि लागेल तसं थोडं दूध.

बुडवण्यासाठी, अंड्याचं : ३ अंडी, पाऊण वाटी दूध, १ चमचा साखर, चिमूटभर मीठ, थोडी वेलची पूड.

बुडवण्यासाठी, बिनअंड्याचं : दीड वाटी थंड दूध, २ सपाट मोठे चमचे व्हॅनिला कस्टर्ड पावडर, १ मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ.

कृती : चॉकलेटचे बारीक तुकडे करा. साय गरम करून त्यावर घाला, दोन मिनिटं तशीच ठेवा आणि मग एकाच दिशेने ढवळा. काजू-अक्रोड मिसळा. हे सारण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. चमच्यातून सहज न पडणाऱ्या श्रीखंडाइतकं घट्ट झालं पाहिजे. कोकोचं सारण करताना सगळं एकत्र घोटून तेवढंच घट्ट ठेवा.

एका स्लाइसच्या मधोमध एक मोठा चमचा सारण पसरा. चारही बाजूंना बोटभर कड मोकळी सोडा. कडेला दुधाचं बोट फिरवा, वर दुसरी स्लाइस ठेवा आणि करंजीची कड दाबतो तशी कड दाबून घ्या. अख्खा ब्रेड मिळत असेल तर मावशीसारखी इंचभर जाडीची स्लाइस कापा, तिला एका बाजूने सुरीने खिसा पाडा आणि त्यात सारण भरा. मग एकच बाजू बंद करावी लागते आणि गळण्याची भीती कमी. अशा टोस्टसाठी ४ जाड स्लाइस पुरतात.

अंडी, दूध, साखर, मीठ आणि वेलची चांगली फेटून पसरट ताटलीत ओता. बिनअंड्याचं करत असाल तर कस्टर्ड पावडर आधी थोड्या दुधात कालवून मग बाकीच्या दुधात मिसळा. ती तळाशी बसते, म्हणून प्रत्येक टोस्ट बुडवण्यापूर्वी ढवळायला विसरू नका. टोस्ट एकेका बाजूने १५-२० सेकंद बुडवा. जाड आणि जास्त कडक स्लाइस असेल तर अर्धा मिनिट. उचलून जास्तीचं दूध निथळू द्या.

जाड बुडाच्या पॅनमध्ये चमचाभर तूप मंद ते मध्यम आचेवर तापवा. टोस्ट ठेवा, ३-४ मिनिटांनी उलटा. दुसरी बाजू सोनेरी होत आली की मिनिटभर झाकण ठेवा, म्हणजे आतपर्यंत शिजेल. अंड्याचा टोस्ट मधोमध दाबल्यावर ओलं अंडं बाहेर येता कामा नये. शेवटी टोस्ट कडेवर उभा धरून चारही कडा शेकून घ्या. दोन-तीन मिनिटं थांबून मगच मुलांच्या हातात द्या. बाहेरून कोमट वाटला तरी आतलं चॉकलेट जीभ पोळवतं.

चार गोष्टी लक्षात ठेवा

चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचे दोन-चार थेंब जरी पडले तरी ते रवाळ होऊन गोळा होतं. म्हणून चमचा आणि भांडं कोरडं हवं. साय मात्र पुरेशी असल्यामुळे चॉकलेट तिच्यात नीट मिसळतं.

भाजायला लोण्यापेक्षा तूप बरं. लोण्यातला दुधाचा अंश पॅनमध्ये लवकर करपतो. तूप कढवताना आपण तो बेरी म्हणून आधीच काढलेला असतो.

बुडवायच्या दुधात साखर बेताचीच घाला. जास्त झाली तर आत शिजायच्या आधीच बाहेरून काळं होतं. गोडवा सारणात आहेच.

दुकानातून चॉकलेट आणताना वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं स्वतःचं लोणी, म्हणजे कोको बटर असतं. ते साधारण ३४ अंशांना, म्हणजे आपल्या तोंडातल्या उबेनेच विरघळतं. कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल वापरलेलं स्वस्त चॉकलेट टोस्टला चालतं, पण जिभेवर मेणासारखा थर राहतो.

चॉकलेटच्या वेष्टनामागची गोष्ट

वेष्टन वाचायची ही सवय मला मावशीकडेच लागली. तिच्या डब्यातलं चॉकलेट कॅम्पकोचं होतं. “हे इथलंच आहे, पुत्तूरचं,” ती म्हणाली. म्हैसूरहून मडिकेरीचा घाट उतरून पश्चिमेला गेलं की दक्षिण कन्नड जिल्ह्यातलं पुत्तूर लागतं. तिथल्या सुपारीच्या बागांच्या सावलीत कोकोची झाडं लावलेली असतात. कोकोचं फळ खोडालाच लटकतं. त्यातल्या गरासकट बिया पाच-सहा दिवस आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. आंबवल्याशिवाय चॉकलेटचा तो वास येतच नाही.

कर्नाटक आणि केरळातल्या शेतकऱ्यांनी १९७०च्या दशकात मोठ्या आशेने कोको लावला. झाडं फळांनी लगडली आणि दशक संपता संपता जगाच्या बाजारात भाव कोसळला. खरेदीदार मागे सरले. पिकलेली फळं झाडावर, आणि विकत घ्यायला कुणी नाही. तेव्हा १९७३ मध्ये सुपारी उत्पादकांनी उभी केलेली कॅम्पको ही सहकारी संस्था १९७९-८०च्या सुमारास कोकोच्या खरेदीत उतरली. पण नुसत्या बिया घेऊन किती दिवस ठेवणार? म्हणून संस्थेने चॉकलेटचा कारखानाच काढला. पुत्तूरला तो १९८६ मध्ये सुरू झाला. वाया जाऊ पाहणारं पीक असं आपल्या मुलांच्या खाऊत आलं.

म्हैसूरला या गोष्टीचं अप्रूप वाटत नाही, कारण अन्न वाया जाऊ नये म्हणून झटणारी एक मोठी संस्था त्याच गावात आहे. संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा मावशीने मला चेलुवांबा मॅन्शन दाखवलं. म्हैसूरच्या राजघराण्याची ही देखणी वास्तू. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये इथेच सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून लहान बाळांसाठी दुधाची पावडर करण्याची पद्धत १९५०च्या दशकात इथल्या शास्त्रज्ञांनी शोधली आणि तीच पुढे गुजरातच्या अमूलने वापरली. म्हशीच्या दुधाचं बाळांना पचेल असं अन्न होणं अवघड, असं तोवर मानलं जाई.

जुनाच पदार्थ, नवं नाव

हा टोस्ट तरी कुठे नवा आहे? प्राचीन रोममधल्या, एपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाककृतींच्या संग्रहात पावाचे तुकडे दुधात भिजवून, तेलात तळून, वर मध घालायला सांगितलं आहे. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात असेच ‘तोर्रिहास’ होतात. फ्रान्समध्ये त्याला फ्रेंच टोस्ट म्हणतच नाहीत. तिथलं नाव आहे ‘पँ पेर्द्यू’, म्हणजे गमावलेला, वाया गेलेला पाव.

आणि आपण काय करतो? रात्रीच्या पोळ्या उरल्या की कुस्करून गूळ-तुपात लाडू वळतो. भाताला फोडणी देतो, भाकरीचा ताकात काला करतो. पोळीच्या लाडवासाठी कितीतरी घरांत मुद्दाम दोन पोळ्या जास्त लाटतात. ब्रेडला मात्र आपण अजून घरचा समजलेलो नाही. तो बाहेरून आलेला, म्हणून कडक झाला की चालला बाहेर! त्यालाही एकदा लाडवाचा मान देऊन पाहा.

तर, त्या दुपारी मावशीने पॅन पुसून दुसरा टोस्ट लावला. सोनेरी झाल्यावर मधोमध कापला तेव्हा आतून चॉकलेट हळूच ओघळलं. पोरीने बोटं चाटली आणि ताटली पुढे केली, “अज्जी, इन्नोंदु!” म्हणजे, आणखी एक.

“काका गेल्यापासून घरात गोडाचं काही केलंच नव्हतं,” मावशी दुसरी स्लाइस कापत म्हणाली. “मागच्या महिन्यात हिने एकदा असंच नाक मुरडलं, तेव्हा पहिल्यांदा केलं.” एवढं बोलून ती पुन्हा गॅसकडे वळली.

निघायच्या आदल्या रात्री मी एकदाचा विषय काढला. मावशीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“मे महिन्यात येईन, हिच्या शाळेला सुट्टी लागली की. चांगली महिनाभर राहीन,” ती म्हणाली. “पण घर मोडून नाही यायची. तू ताईला नीट समजावून सांग.”

पुण्यात मी एकटीच उतरले तेव्हा आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “एवढं एक काम सांगितलं होतं!” मी काही बोलले नाही. ओट्यावरचं पुडकं शोधलं, त्यात पाच स्लाइस होत्या. दोन टोस्ट झाले. आई पहिला घास खाईपर्यंत रागावलेली होती. मग तिने एवढंच विचारलं, “हे तिने तुला शिकवलं?” आणि मी हो म्हटल्यावर जरा वेळाने म्हणाली, “म्हणजे स्वयंपाकघरात रमायला लागलीय तर.” पुढच्या आठवड्यात बहिणीला फोन करताना तिने पुण्याचं नाव काढलं नाही.

परवा मीच मावशीला फोन केला. इकडची-तिकडची चौकशी झाल्यावर सहज विचारलं, “आता तरी अर्धा ब्रेड आणतेस ना?”

“छे गं! ती आता मैत्रिणीला घेऊन येते,” मावशी म्हणाली. “अख्खासुद्धा पुरत नाही.”